खोट्या माणसासाठी तासभर रडले, खऱ्यांसाठी नाही

“मॅडम, माझं मन मेलंय का हो?”

खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्यांनी हे विचारलं. वय पंचेचाळीसच्या आसपास, काम हिशेब तपासण्याचं. घरात नवरा, कॉलेजात जाणारा मुलगा आणि वयस्कर सासूबाई. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, आणि हे लिहायला त्यांची परवानगी घेतली आहे.)

घडलं होतं ते असं. एका संध्याकाळी बातम्यांत युद्धाची दृश्यं होती. लहान मुलं गेली होती, निवेदकाने आकडा सांगितला. त्या पाहत होत्या, पण डोक्यात दुसऱ्या दिवशीच्या फायली चालल्या होत्या. रात्री अकरा वाजता त्यांनी एका वेबसिरीजचा शेवटचा भाग लावला. त्यातली एक म्हातारी वारली आणि यांना जे रडू फुटलं ते थांबेना. नवरा उठून बाहेर आला. मालिकेतली बाई गेली म्हणून रडतेय, हे सांगायची लाज वाटली. “डोकं दुखतंय म्हणाले,” त्या म्हणाल्या. “खऱ्या मुलांसाठी डोळ्यांत टिपूस नाही आणि खोट्या म्हातारीसाठी तासभर. कसली माणूस आहे मी?”

हा प्रश्न माझ्याकडे फार वेळा येतो, फक्त शब्द बदलतात. एका तरुणाला युद्धाच्या व्हिडिओवरून अंगठा सरकवून विनोदी रील पाहिल्याची लाज छळत होती. एका निवृत्त शिक्षकांना बातम्यांची वाहिनी बंद करणं म्हणजे पीडितांकडे पाठ फिरवणं वाटायचं, म्हणून ती दिवसभर चालूच असे. गाठ एकच. जगात एवढं चाललेलं असताना माझं मन योग्य जागी दुखत नाही, ही भीती.

मी त्यांना आधी एका प्रयोगाबद्दल सांगितलं. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोव्हिक यांनी तो 2007 साली प्रसिद्ध केला. लोकांना एक प्रश्नावली भरल्याबद्दल थोडे पैसे दिले आणि त्यातले हवे तेवढे उपासमारीच्या मदतीसाठी देण्याची मुभा ठेवली. काहींना सात वर्षांच्या एका मुलीचा फोटो आणि तिची हकिकत दाखवली, काहींना लाखो लोकांच्या उपासमारीचे आकडे. त्या एकट्या मुलीसाठी लोकांनी आकड्यांपेक्षा बरेच जास्त पैसे दिले. मला मात्र नेहमी तिसऱ्या गटाचं वाटत राहतं. त्यांना मुलगीही दाखवली आणि आकडेही. त्यांनी दिलेली मदत, फक्त मुलगी पाहणाऱ्यांपेक्षा कमी भरली. आकडा शेजारी येताच चेहरा पुसट झाला.

हिशेबाच्या माणसाला हिशेबानेच पटतं, म्हणून आम्ही कागदावर मांडलं. मालिकेचे दहा भाग, प्रत्येक पाऊण तासाचा. म्हणजे त्या म्हातारीबरोबर त्यांनी साडेसात तास घालवले होते. तिचं घर, तिची चालण्याची लकब, तिचं कुणावर रागावणं, सगळं माहीत झालेलं. बातमी मिनिटभराची, त्यात नाव नाही, आवाज नाही, आणि लगेच पुढची बातमी. पडद्यावरच्या माणसाशी अशी एकतर्फी ओळख जडते, हे डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी 1956 मध्येच लिहून ठेवलं आहे. ते दूरचित्रवाणीच्या निवेदकांबद्दल आणि कलाकारांबद्दल बोलत होते, पण मन आजही तसंच चालतं. शिवाय कथा आपल्याकडे काही मागत नाही. तिथे रडणं सुरक्षित असतं. बातमी समोर येताच मात्र ‘मग तू काय करणार?’ हा प्रश्न उभा राहतो, आणि उत्तर नसलं की मन दार लावून घेतं.

त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मग म्हणाल्या, “पटलं. पण लाज जात नाही.”

अर्थातच. लाज माहितीने जात नाही. त्यांच्या लाजेने तर संध्याकाळचं वेळापत्रकच आखलं होतं. रोज दोन-अडीच तास बातम्या, त्या संपल्या की फोनवर त्याच बातम्यांचे व्हिडिओ. हे जाणून घेण्यासाठी कमी आणि प्रायश्चित्तासारखं जास्त होतं. रडता येत नाही, तर निदान पाहायचं तरी. मग थकून मालिका, आणि मालिकेनंतर पुन्हा टोचणी. 2014 साली लिओनार्ड रायनेके आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात हे चक्र छान दिसलं होतं. दिवसभराच्या कामाने पिळून निघालेली माणसं पडद्यासमोर बसली की त्यालाच ‘टाळाटाळ’ समजतात, अपराधी होतात, आणि त्या अपराधीपणामुळे मिळायची ती विश्रांतीही पुरती मिळत नाही. ज्यांना ती सर्वात जास्त हवी, त्यांनाच.

आणि बातम्यांचा मारा निरुपद्रवी नसतो. 2013 मध्ये बोस्टन मॅरेथॉनच्या वेळी झालेल्या स्फोटांनंतर ॲलिसन होलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो लोकांची पाहणी केली. पुढच्या आठवड्यात रोज सहा किंवा त्याहून जास्त तास त्याच घटनेचं वार्तांकन पाहणाऱ्यांनी, घटनेशी थेट संबंध आलेल्यांपेक्षाही जास्त तीव्र ताण नोंदवला. हे ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या.

इथे माझी एक चूक झाली, ती लपवत नाही. मी त्यांना रोज पंधरा मिनिटं लिहायला सांगितलं. जेम्स पेनेबेकर यांनी सँड्रा बील यांच्याबरोबर 1986 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग माझ्या मनात होता. विद्यार्थ्यांनी आपल्या क्लेशदायक अनुभवाबद्दल रोज पंधरा मिनिटं लिहिलं आणि ज्यांनी घटना व भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. पण ते लेखन चार दिवसांचं होतं. मी त्याला शेवटच ठेवला नाही. बारा दिवसांनी त्या बावीस पानं घेऊन आल्या, झोप आधीपेक्षा वाईट. प्रत्येक पान एकाच वाक्यावर संपत होतं: ‘आणि मी काहीच करत नाही.’ हे लेखन नव्हतं, चघळणं होतं. सुझन नोलेन-होक्सेमा यांनी अनेक वर्षं याच सवयीचा अभ्यास केला. दुःखाभोवती त्याच वर्तुळात फिरत राहिलं की खिन्नता लांबते. मी त्यांच्या हाती त्यासाठी एक वही दिली होती. मी त्यांची माफी मागितली आणि ती वही बंद केली.

मग आम्ही आठवड्यावर आलो. ठरलेला एक वार, अर्धा तास, समोरासमोरची दोन पानं. डावीकडे आठवड्यातली एक बातमी, उजवीकडे पाहिलेलं काहीही, मालिका, चित्रपट, साधी रीलसुद्धा. फोन दुसऱ्या खोलीत. काय पाहिलं ते शोधून काढायचं नाही, जे आठवेल तेच लिहायचं. सहा-सात दिवसांत मन बरंच काही आपणहून गाळून टाकतं, आणि गाळून उरलेलं पाहण्यासारखं असतं. रोज लिहिताना हा गाळच मिळत नाही.

पहिल्या आठवड्याचं पान घेऊन त्या आल्या तेव्हा डावीकडे बातमीपत्र होतं आणि उजवीकडे परीक्षण. कोणत्या देशाचं चुकलं, कोण दुटप्पी आहे. मधल्या भागांत पटकथा ढिली पडली, शेवट घाईत उरकला. सगळं बरोबर होतं, आणि त्या स्वतः त्यात कुठेच नव्हत्या. मी विचारलं, “यातलं कुठलं वाक्य तुम्ही या आठवड्यात कुणाकडून तरी ऐकलं होतं?” त्या एकेक ओळ वाचत गेल्या आणि पेन्सिलने खूण करत गेल्या. शेवटी जवळजवळ अख्खं पान खुणांनी भरलं.

तेव्हा एकच नियम वाढवला: मत नको, क्षण लिहा. मतं आपल्याला आयती मिळतात. पण दीड तासाच्या कार्यक्रमातला कुठला एक क्षण आपल्या मनात अडकून राहिला, हे दुसरं कुणी सांगू शकत नाही. तो क्षण पाहताना शरीरात काय झालं, घशात, छातीत, हातात, तेवढं लिहायचं. ‘असं का झालं’ हे लिहायची घाई करायची नाही.

तिसऱ्या आठवड्यात डावीकडे चारच ओळी होत्या. पुराच्या बातमीत एक माणूस छतावर बसला होता, शेजारी कुणाचं तरी कुत्रं. माणसाने कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवला होता. ‘तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. माझा हात आपोआप उशीवर गेला.’

उजवीकडे त्यांनी अखेर त्या म्हातारीबद्दल लिहिलं होतं. मी वाचलं, आणि वही त्यांच्याकडे फिरवून म्हटलं, “यात ती मरत नाहीये.”

खरंच नव्हती. त्यांनी मरणाचा प्रसंग लिहिलाच नव्हता. त्याच्या आधीचा लिहिला होता: शेजारीण येते, काही बोलत नाही, खुर्ची पलंगाजवळ ओढते आणि बसून राहते. ‘खुर्ची ओढल्याचा आवाज आला तेव्हा रडू आलं,’ असं वाक्य होतं. त्या स्वतःच चकित झाल्या. इतके दिवस त्या स्वतःला म्हातारीच्या मरणावर रडलेली बाई समजत होत्या.

आम्ही पुढचे पाच आठवडे तसेच जाऊ दिले. मी मुद्दाम काही जोडून दाखवलं नाही. पानांवर काय येत होतं? संपावर बसलेल्यांपैकी एकाने झोपलेल्या दुसऱ्यावर पांघरूण घातलं. निकाल ऐकायला आलेली एक बाई न्यायालयाच्या पायरीवर एकटी बसली होती, आणि एका पोलीस शिपाई बाईने तिच्यासाठी जरा सरकून जागा केली. एका गुन्हेकथेत तपास अधिकारी प्रश्न विचारायचं सोडून साक्षीदाराबरोबर दोन मिनिटं नुसता थांबला. आठव्या आठवड्यात त्या वही उघडून म्हणाल्या, “मॅडम, यात सगळीकडे कुणीतरी कुणाच्या तरी शेजारी आहे.”

मग बोलायला लागल्या. संध्याकाळी त्या बातम्या पाहतात तेव्हा खोलीत सासूबाईही असतात. दोन वर्षांपासून त्यांची स्मृती हळूहळू जातेय. औषधं, तपासण्या, काळजीवाहू बाईंच्या वेळा, सगळं या चोख सांभाळतात. “पण मी त्यांच्याजवळ बसत नाही. टीव्हीकडे तोंड करून बसते. त्या तोच प्रश्न पुन्हा विचारतात आणि मी आवाज वाढवते.” एवढं बोलून त्या रडल्या. मीही लगेच काही बोलले नाही.

वाचकांनी याचा असा अर्थ घेऊ नये की जगातल्या युद्धांचं दुःख म्हणजे आपल्या घरातलंच काहीतरी झाकलेलं असतं. तसं मला अजिबात म्हणायचं नाही. ती मुलं खरी होती, आणि त्यांच्याबद्दल कळणं हे नागरिक म्हणून आपलं कामच आहे. पण या बाईंना कळवळा कमी नव्हता. तो कुठे उमटतो हे त्यांना दिसत नव्हतं, आणि दिसत नाही म्हणून त्या स्वतःला शिक्षा देत होत्या. पुढे त्यांनी बातम्यांसाठी सकाळची वीस मिनिटं ठेवली, वाचून, चित्रफिती न पाहता. एका मदतनिधीला दरमहा ठरावीक रक्कम पाठवायला सुरुवात केली, त्याचा हिशेबही तपासून घेतला. युद्धाच्या बातमीने त्यांना अजूनही रडू येत नाही. त्याची लाज पूर्ण गेली असं त्या म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. अश्रू हे काळजीचं माप नाही, हे मी त्यांना तीनदा सांगितलं असेल. कदाचित चौथ्यांदा सांगावं लागेल.

ही वही सगळ्यांसाठी नाही. पाहिलेली दृश्यं डोळे मिटले तरी पुन्हा पुन्हा येत असतील, झोप कित्येक दिवस उडाली असेल, किंवा जगण्यातच अर्थ नाही असं वाटत असेल, तर लिहीत बसू नका, लवकरात लवकर तज्ज्ञाला भेटा. लिहिल्यावर दर वेळी मन अधिकच जड होत असेल, तरीही थांबा. माझ्या पहिल्या चुकीतून मी हे शिकले.

गेल्या महिन्यात त्या शेवटच्या भेटीला आल्या तेव्हा वही बरोबर होती. ताज्या पानावर डावीकडे निवडणुकीच्या बातमीतला एक क्षण होता: शाई लावलेलं बोट फुंकर मारून वाळवणारे एक आजोबा. उजवीकडे लिहिलं होतं:

‘या आठवड्यात काही पाहिलं नाही. सासूबाईंनी त्यांच्या शाळेतली एक गोष्ट सांगितली. तीच गोष्ट तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा शेवट वेगळा होता.’