संवेगाला 'वेग' म्हणू नका

डिचोलीहून विचारणा आहे: 'चवथीच्या फुगडीचं विज्ञान सांगताना एक वक्ते म्हणाले, हात आखडले तरी कोनीय वेग अक्षय्य राहतो. मग फुगडी जोरात का फिरू लागते? वेग आणि संवेग एकच का?'

एकच नाहीत, आणि ही गल्लत हल्ली फार कानावर येते. हात आखडल्यावर वाढतो तोच कोनीय वेग, म्हणजे फिरण्याचा वेग. टिकतो तो कोनीय संवेग: जडत्व आघूर्ण (वस्तुमान अक्षापासून किती दूर आहे याचं माप, अंतराच्या वर्गाने बदलणारं) गुणिले कोनीय वेग. मिनिटाला ३० फेऱ्या घेणाऱ्या दोघींचे गुरुत्वमध्य अक्षापासून ५० सेंमीवरून ४० सेंमीवर आले, तर अंतराच्या वर्गाच्या हिशेबाने फेऱ्या ४७ च्या घरात जातात. प्रत्येकीच्या अंगाचा घेर धरला तर थोड्या कमी. पायांनी अंगण रेटलं की बाहेरचं परिबल, म्हणजे फिरवणारा जोर, आलं, आणि अक्षय्यता तिथेच सुटली.

आता शब्द. 'सं म्हणजे सोबत. वस्तुमान सोबत घेतलेला वेग तो संवेग' अशी फोड वर्गात सर्रास शिकवली जाते. पाठांतराला सोयीची आहे, व्युत्पत्ती म्हणून चूक. 'संवेग' हा 'वेग' घडून गेल्यावर त्याला पुढून चिकटवलेला 'सं' नव्हे. सम् उपसर्गासह विज् धातूपासून तो सरळ सिद्ध होतो. आणि हा धातू पाहा! पाणिनीय धातुपाठ त्याचा अर्थ देतो 'भयचलनयोः': भिणं आणि हलणं, दोन्ही एकाच धातूत. म्हणून 'वेग' आणि 'उद्विग्न' सख्खी भावंडं. पालीत संवेग म्हणजे मनाला बसलेला हादरा. बुद्धाच्या जन्म, बोधी, पहिलं प्रवचन आणि परिनिर्वाण यांच्या चार स्थळांना 'संवेजनीय' म्हटलं आहे ते याच अर्थाने.

माझं ठाम मत असं, की भौतिकशास्त्राला हा शब्द या हादऱ्यामुळेच शोभतो. फिरती वस्तू थांबवणाऱ्याला जो हिसका बसतो, तो नुसत्या वेगाचा नसतो. सायकलचं सुटं चाक आणि तितक्याच फेऱ्यांनी फिरणारं दगडी जातं हातांनी अडवून पाहा: कोनीय वेग एक, हिसका वेगळा. शिवाय बल गुणिले काळ याला आपण 'आवेग' म्हणतो, आणि आवेग म्हणजे संवेगातला बदल. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना विज् धातूच आहे. 'सोबत'वाल्यांनी आपल्या फोडीने 'आवेग' उलगडून दाखवावा.