सम कुणाची, ‘वन’ कुणाचा?

प्रश्न : नाशिकच्या गंगापूर रोडवर आमचा कथकचा वर्ग आहे. जर्मनीहून एक समकालीन नृत्यांगना तीन आठवड्यांसाठी येणार आहे आणि तिच्यासोबत वीस मिनिटांची रचना बसवायची आहे. ऑनलाइन दोन तालमी झाल्या. आमचा तीनताल सोळा मात्रांचा, तिचे काउंट आठ-आठचे, म्हणजे हिशेब जुळायला हवा. तरी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आम्ही एकत्र येत नाही. चूक कुठे होते?

उत्तर : आधी ऑनलाइन तालमीचं. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो आणि तेवढा उशीर ताल मोडायला पुरतो. त्यामुळे त्या दोन तालमींवरून कुणालाच बेताल ठरवू नका. ती येईपर्यंत एकमेकींना व्हिडिओ पाठवा, एकत्र नाचू नका.

खरी अडचण वेगळी आहे. तिच्यासाठी ‘वन’, म्हणजे काउंटमधला पहिला आकडा, ही सुरुवात. ती एकवर निघते आणि आठवर थांबते. तुमच्यासाठी सम म्हणजे पोचण्याची जागा. साधी तिहाई घ्या : पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा मोकळी, असं तीनदा. पाच, एक, पाच, एक, पाच मिळून सतरा. समेवरून उचललीत तर शेवटचा ‘थेई’ हा बोल सतराव्या मात्रेवर, म्हणजे पुढच्या समेवर पडतो. त्या क्षणी तुम्ही थबकलेल्या असता आणि ती पुढच्या हालचालीत शिरलेली असते. दोघींचंही बरोबर, म्हणून कुणाला चूक सापडत नाही.

तिला सोळा मोजायला लावू नका. आठचे दोन संच मोजू द्या, फक्त शेवटची हालचाल आठवर न संपवता पुढच्या एकवर टेकवायला सांगा. पहिले तीन-चार दिवस पाय न हलवता हे करा : तुम्ही टाळी-खाली देऊन पढंत करा (हाताने ताल दाखवत बोल तोंडाने म्हणा), तिने तिचे काउंट मोठ्याने म्हणावेत आणि दोघींनी फक्त समेवर जमिनीला तळहात लावावा. तबलजी मिळाला तर उत्तम. नसेल तर लेहरा (तालाचं आवर्तन दाखवणारी, परत परत वाजणारी धून) लावा, पण मिनिटाला ६० मात्रांच्या वर जाऊ नका. या लयीत एक आवर्तन सोळा सेकंदांचं होतं आणि वीस मिनिटांत पंचाहत्तर आवर्तनं बसतात. हा आकडा आधी कागदावर मांडला की कुठला भाग किती आवर्तनांचा, यावरून होणारी निम्मी भांडणं मिटतात. लय दुप्पट करण्याची घाई नको. जमिनीवर लोळून परत उभं राहायला जो वेळ लागतो, तो द्रुत लयीत मिळत नाही आणि मग गुडघे आपटतात.

चक्करांकडेही लक्ष द्या. तुम्ही टाचेवर फिरता, ती चवड्यावर. शेजारी उभं राहून एकाच मोजणीत फिरलात तरी तिचं वजन वर उचललेलं असतं, तुमचं खाली रोवलेलं. चार-पाच चक्करांनंतर अंतर बदलतं आणि हात एकमेकींना लागतात. मधे किमान दोन हातांची जागा ठेवा, नाहीतर एकीने फिरावं आणि दुसरीने थांबावं. दुसरा मार्ग आम्हाला जास्त आवडतो.

लिफ्ट (एकीने दुसरीला उचलणं) किंवा एकमेकींवर भार टाकण्याचे भाग असतील तर ओढणी काढा, चुडीदारऐवजी लेगिंग घाला आणि त्या दिवशी हातापायांना तेल-लोशन लावू नका, पकड सुटते. घुंगरू घालून लोळायचं तर नाहीच. पितळ घोट्याच्या हाडात रुततं आणि विनायल मॅटवर चरे पडतात. कुणाला कुठे धरायचं हे आधी बोलून घ्या, विशेषतः वर्गातल्या मुली अठराच्या आतल्या असतील तर पालकांच्या देखत.

एक सावधगिरी. तुमचा पाच मिनिटांचा तुकडा, तिचा पाच मिनिटांचा सोलो आणि शेवटी दोघी मिळून दहा मिनिटं, हा साचा टाळा. त्यात कुणी कुणाकडून काही घेत नाही. प्रतापजी पवारांकडे कथक शिकलेले अक्रम खान आणि बेल्जियमचे सिदी लार्बी शेरकावी यांनी २००५ मध्ये ‘झिरो डिग्रीज’ केलं. त्यात दोघे बसून एकच प्रवासाची हकीगत एकाच वेळी, हातांच्या अगदी त्याच हालचालींसह सांगतात. तो भाग ना कथकचा, ना दुसऱ्या कुठल्या शैलीचा. तुम्हीही असं एखादं साधं, दोघींनाही परकं साहित्य शोधा : वेणी घालणं, भांडी विसळणं, रिक्षाला हात करणं. पहिला आठवडा त्यावरच घालवलात तरी वाया जाणार नाही.

प्रश्न : सरावाची जागा म्हणजे सोसायटीचा हॉल, खाली कोटा फरशी. चालेल का?

उत्तर : तत्कारासाठी (कथकमधल्या पायांच्या आघातांसाठी) फरशी वाईट आणि लोळण्यासाठी त्याहून वाईट. नडगी आणि टाच आठवड्याभरात बोलू लागतात. आठ बाय चार फुटांचे १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवूडचे बारा तक्ते आणा, चोवीस बाय सोळा फुटांची जागा होते. खाली फोमचा थर द्या. नुसता प्लाय फरशीवर ठेवला तर तो घसरतो आणि कोपरे उचलतात. सांधे चिकटपट्टीने बंद करा. हे झाल्यावर तत्काराचा आवाजही सुधारतो.

प्रश्न : पेठ तालुक्यातल्या एका तारपा मंडळाला (तारपा हे फुंकून वाजवायचं आदिवासी वाद्य) सोबत घेऊन समकालीन नृत्याचा प्रयोग कालिदास कलामंदिर या नाट्यगृहात करायचा आहे. बोहाड्याचे, म्हणजे आदिवासी गावांतल्या सोंगांच्या उत्सवाचे, मुखवटेही वापरायचे आहेत. काय सांभाळावं?

उत्तर : मुखवट्यांचं आधी, कारण तिथे उत्तर बहुधा ‘नाही’ असं आहे. बोहाड्यातली सोंगं देवाची असतात, त्यांची पूजा होते आणि कुठलं सोंग कुणी नाचवायचं याचा मान ठरलेला असतो. गावाने आपणहून दिले तरच घ्या. न विचारता तसेच दिसणारे कागदाच्या लगद्याचे मुखवटे करून घेणं हाही मार्ग नाही.

आता तारपा. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानाचा भोंगा आणि सांध्यांना मेण, अशी त्याची घडण. त्याला ठरलेली पट्टी नसते, म्हणून हार्मोनियम किंवा कीबोर्ड त्याच्याशी जुळवायला जाऊ नका. त्या दिवशी तारपा जिथे लागेल तिथे तुमचा षड्ज नेऊन ठेवा. वाद्यात मेण असतं, म्हणून ते तापलेल्या दिव्यांपासून दूर ठेवा. वादक श्वास न तोडता फुंकत राहतो, त्यामुळे ‘अजून एकदा’ म्हणताना दहावेळा विचार करा. वादक नाचता नाचता फिरतो, तसा भोंगाही फिरतो. स्टँडवरचा माइक निम्मा वेळ नुसती हवा पकडतो. वायरलेस क्लिप माइक अंगावर लावा.

या नाचात काउंट नसतात. वादकाने चाल बदलली की पावलं बदलतात. तुमच्या समकालीन नर्तकांनी मोजणं सोडून ऐकायला शिकलं पाहिजे, त्यासाठी किमान तीन-चार दिवस गावात जाऊन नाचावं लागेल. रांगेच्या शेवटी उभे राहा, पुढे नाही. कंबरेत हात गुंफलेले असल्याने एकाचं पाऊल चुकलं की शेजारच्या दोघांना धक्का बसतो, आणि शिक्षण तिथेच होतं.

रंगमंचावर हमखास होणारी चूक म्हणजे रिंगण मोडून सगळ्यांना प्रेक्षकांसमोर ओळीत उभं करणं. तारप्याकडे पाठ करायची नाही, हा त्या नाचाचा कणा आहे. प्रेक्षकांना काही क्षण पाठी दिसल्या तर दिसू द्या, रिंगण फिरतंच आहे. तेवढंही नको असेल तर कालिदासऐवजी मोकळं मैदान घ्या.

तारखा ठरवताना भाताची लावणी आणि कापणी टाळा. मानधन रोजावर ठरवा, तालमीचा आणि प्रवासाचा दिवस त्यात धरा आणि जो दर शहरातल्या नर्तकाला, तोच त्यांना. पैसे मध्यस्थाकडे न देता प्रत्येकाच्या खात्यात जाऊ द्या. पत्रिकेवर ‘पारंपरिक लोकनृत्य’ एवढंच छापू नका. गाव, तालुका, वादकाचं नाव आणि नाचणाऱ्या प्रत्येकाचं नाव, तुमच्या नावाच्याच अक्षरांच्या आकारात.

प्रश्न : आमच्या रचनेवर आमचा हक्क राहतो का?

उत्तर : १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना नाट्यकृतीत मोडते, पण ती लिहून किंवा अन्य प्रकारे नोंदलेली असावी लागते. म्हणून संपूर्ण प्रयोगाचं एका जागी उभ्या कॅमेऱ्याने चित्रण करा आणि तारीख टाकून ठेवा. हक्क मिळतो तो तुमच्या मांडणीवर. तारप्याच्या पावलांवर किंवा तीनतालाच्या तुकड्यावर नाही. शिवाय प्रत्येक कलाकाराचे प्रयोगावर वेगळे हक्क असतात, पन्नास वर्षांचे. २०१२ च्या दुरुस्तीने नाव दिलं जाण्याचा हक्कही त्यात आला. त्यामुळे चित्रण यूट्यूबवर टाकण्याआधी पेठच्या मंडळातल्या प्रत्येकाची लेखी संमती घ्या, तीही मराठीत लिहिलेली आणि सही घेण्याआधी वाचून दाखवलेली.