आजोबांची डायना एअरगन उघडण्याआधी
माळ्यावरची डायना खाली काढलीस, फार बरं वाटलं. पण हातातला पॉलिश पेपर आधी ठेवून दे. नळीवरची निळसर काळी झिलई एकदा घासली गेली की परत तशी येत नाही. ठाण्याच्या पावसाळ्यात गंज धरतोच. तो तेलात बुडवलेल्या अगदी बारीक स्टील वूलने, हलक्या हाताने काढ.

जोर कमी वाटतोय? लगेच स्प्रिंग बदलू नकोस. जुन्या डायनात बहुतेकदा पिस्टनचा चामडी वॉशर सुकलेला असतो. छर्रा भरताना वाकवतो तशी नळी खाली वाकवून हवेच्या छिद्रात सिलिकॉन तेलाचे दोन थेंब सोड, बंद करून तोंड वर ठेव आणि रात्रभर मुरू दे. शिवणयंत्राचं तेल तिथे नकोच. दाबाने हवा तापते, तेल पेटतं आणि स्प्रिंगला दणका बसतो. छर्‍याशिवाय चाप ओढणंही तितकंच वाईट. लहानपणी आम्ही तेच करायचो, माझी पहिली स्प्रिंग तशीच गेली.

उघडायचीच असेल तर स्प्रिंग दाबून धरणाऱ्या क्लॅम्पशिवाय नाही. आतली स्प्रिंग दाबलेलीच असते, पिन काढताच तोंडावर येते.

आणि नळी 4.5 मिमीचीच आहे ना, ते बघ. त्याहून मोठी असेल तर परवाना लागतो.