परदेशातील ऑनलाइन लिलावांत वस्तू घेऊन इथे विकल्या, तर नोकरी सांभाळून वरकमाई होते का?

प्रश्नकर्ते पणजीत खासगी नोकरी करतात. बोटीवर काम करणाऱ्या त्यांच्या मित्राच्या मते विलायतेतील लिलावाच्या साइटींवर जुने मोबाइल, कॅमेरे आणि घड्याळे निम्म्या किमतीत मिळतात व ती मागवून इथे विकली की महिन्याला दहा-पंधरा हजार रुपये सुटतात. हे खरे आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

मित्राचे ऐकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. माझा मेहुणाही तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला आहे, आणि “माल विलायती असला की गिऱ्हाईक आपसूक येते” हे त्याचे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की हा प्रश्न वाचल्यावर उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. पोर्तुगीज अमदानीत परदेशी घड्याळे आणि मद्य गोव्यात उघड मिळत असे व पत्रादेवीच्या सीमेपलीकडे, म्हणजे भारतात, ते सहजी मिळत नसे, म्हणून त्या काळी सीमेवरची चोरटी ने-आण फायद्याची होती. आज तोच मोबाइल म्हापशाच्या दुकानात हप्त्यांवर मिळतो. दोन बाजारांतला फरकच संपला, तर नफा यायचा कुठून?

फरक उरला आहे तो फक्त अशा ठिकाणी, जिथे तिकडच्या विक्रेत्याला आपल्या हातातील वस्तू काय आहे हे ठाऊक नसते आणि इकडच्या गिऱ्हाइकाला ती कुठे शोधावी हे उमगत नसते. माझे क्षेत्र पोर्तुगीज हिंदुस्थानची, म्हणजे गोव्यासह इथल्या पोर्तुगीज मुलखांची, टपाल तिकिटे, पाकिटे आणि नोटा एवढेच आहे. या वसाहतीची तिकिटे 1871 सालापासून निघत होती. 1958 साली इथले रुपिया हे चलन जाऊन एस्कुदो आला तेव्हा एका रुपियाचे सहा एस्कुदो धरले गेले, आणि म्हणूनच 1959 सालच्या काही नोटा 30, 60, 300, 600 अशा चमत्कारिक रकमांच्या आहेत. 1961 साली पोर्तुगीज राजवट जाऊन गोवा भारतात आला, त्या सत्तांतरानंतर जी कुटुंबे लिस्बनला गेली त्यांच्याबरोबर हा कागदी ऐवजही गेला, आणि आता त्यांच्या नातवंडांनी घरे रिकामी करायला घेतली की तो खोक्यांतून लिलावात येतो. तो हवा असणारे लोक मात्र गोवा, मुंबई आणि पुण्यात आहेत.

माझे वडील मडगावच्या टपाल कचेरीत नोकरीला होते, त्यामुळे सत्तांतर त्यांनी खिडकीच्या आतल्या बाजूने पाहिले. 19 डिसेंबर 1961 नंतर कचेरीचा कारभार एका दिवसात बदलला नाही. भारतीय तिकिटे 29 डिसेंबरपासून वापरात आली, जुनी पोर्तुगीज तिकिटे 5 जानेवारी 1962 पर्यंत स्वीकारली जात होती, आणि पोर्तुगीज काळातले शिक्के तर मे महिन्यापर्यंत चालले. त्यामुळे मधल्या थोड्या दिवसांत काही पाकिटांवर दोन्ही राजवटींची तिकिटे शेजारी शेजारी बसली. संग्राहक आज अशा पाकिटांच्या शोधात असतात. वडील ही हकीकत जेवताना सांगत, आणि ती ऐकून आम्ही भावंडे कंटाळत असू.

2022 साली एका पोर्तुगीज विक्रेतीने वसाहतींच्या जुन्या पाकिटांचा एक गठ्ठा लिलावात ठेवला होता. बहुतेक पाकिटे अंगोला आणि मोझांबिकची होती. वर्णन दोन ओळींचे, छायाचित्र अंधुक. त्यात खाली दबलेल्या एका पाकिटाच्या कोपऱ्यात मला भारताच्या नकाशाचे नव्या पैशांतले तिकीट दिसले, आणि त्याला खेटून पोर्तुगीज तिकीट. दोहोंवर मिळून मडगावचा जुना गोल शिक्का पडला होता व त्यातला जानेवारी 1962 वाचता येत होता. मी बोली लावण्याआधी कागदावर हिशेब मांडला: वस्तूची किंमत, तिकडचा टपालखर्च, कार्डावर चलन बदलताना बँक कापून घेते ती रक्कम, सीमाशुल्क, टपाल खात्याचे शुल्क आणि गिऱ्हाइकाला पाठवण्याचा स्पीड पोस्टचा खर्च. सीमाशुल्क नुसत्या किमतीवर बसत नाही, टपालखर्च आणि विमा मिळवून येणाऱ्या रकमेवर बसते, ही गोष्ट नवशिक्यांच्या हिशेबात कधीच नसते. बाकीचा गठ्ठा फुकट गेला असे धरून, त्या एकाच पाकिटाला पडत्यात पडती जी किंमत आली असती, तिच्यातून हा खर्च वजा केला आणि उरलेला आकडा ही माझी कमाल बोली ठरवली. गठ्ठा 38 युरोंना मिळाला.

विक्रेती सज्जन होती. तिने आपणहून विचारले, “पार्सलावर भेटवस्तू, 5 युरो, असे लिहू का?” मी तिला पूर्ण किंमत आणि खरे वर्णन लिहायला कळवले. ही गोष्ट गणेश चवथीला माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या छताखाली, सगळे जमले असताना निघाली, आणि मेहुण्याने “सरकारला पैसे देण्याची यांना हौसच आहे” असे म्हणून सर्वांना हसवले. त्याला तेव्हा जे सांगितले तेच इथे सांगतो. पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना असलेली शुल्कमाफी डिसेंबर 2019 मध्ये राखी आणि जीवरक्षक औषधे वगळता रद्द झाली आहे, तेव्हा भेट असे लिहून काहीही वाचत नाही. किंमत खोटी लिहिलेला माल सीमाशुल्क कायदा, 1962 च्या कलम 111 खाली जप्त होऊ शकतो. आणि पार्सल गहाळ झाले, तर भरपाई मागताना आपणच लिहवलेले 5 युरो आपल्या तोंडावर मारले जातात. शुल्क चुकवल्याशिवाय ज्या व्यवहारात काही उरत नाही, तो व्यवहार मुळात तोट्याचा असतो. मेहुण्याला हे आजही पटलेले नाही.

ते पाकीट सगळा खर्च धरून साडेपाच हजारांच्या आत पडले होते आणि पुण्याच्या एका संग्राहकाने त्याचे 14,000 रुपये दिले. त्याआधी त्यांनी शिक्क्याची तारीख, शाई आणि तिकिटाच्या कडा तपासून घेतल्या, आणि ते योग्यच होते, कारण या प्रकारात मागाहून जोडलेली बनावट पाकिटेही फिरतात. मेहुण्याने आकडा ऐकून “नशीब” एवढेच म्हटले. तो स्वतः सुटीवर येताना पिशवीतून मोबाइल आणतो आणि ओळखीत विकतो. प्रवाशाच्या सामानावरची सूट स्वतःच्या वापरासाठी आणि भेटीसाठी असते, व्यापारासाठी नसते, हे त्याला चांगले ठाऊक आहे. शिवाय वॉरंटी नसलेला मोबाइल बिघडला की गिऱ्हाईक आमच्याच दारात उभे राहते, कारण हा तेव्हा समुद्रावर असतो.

आता बोलीविषयी. बहुतेक साइटींवर आपण कमाल रक्कम आधी देऊन ठेवू शकतो आणि यंत्रणा आपल्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवते. म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा एक पायरी वर एवढेच द्यावे लागते. असे असताना दिवसभर थोडे थोडे वाढवत बसणे म्हणजे स्पर्धकांना आपली आवड जाहीर करणे होय. एकदाच, उशिरा आणि ठरवलेलीच रक्कम टाकावी. हरल्यास हळहळू नये, कारण लिलाव बहुधा तोच जिंकतो ज्याने वस्तूची किंमत सर्वांत जास्त आशेने धरलेली असते.

दरमहा दहा-पंधरा हजारांचे म्हणाल, तर हा पगारासारखा पैसा नाही. काही महिने विक्रीच होत नाही आणि भांडवल कपाटात पडून राहते. पगारावर घर चालत असेल आणि एखाद्या विषयाची आधीपासून आवड असेल तरच यात पडावे.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. तुमचा मित्र ज्यांची नावे घेतो त्या वापरलेल्या वस्तू विक्रीसाठी आणायच्या, तर परकीय व्यापार धोरणात त्या “निर्बंधित” गटात मोडतात आणि त्यासाठी परवानगी लागते. तिकिटे व पाकिटे सीमाशुल्काच्या सूचीत 97व्या अध्यायात संग्राह्य वस्तूंबरोबर येतात, म्हणून माझे जमते. विक्रीसाठी आयात करणाऱ्याने आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा सरकारी क्रमांक, काढावा. तो पॅनवरच मिळतो आणि त्याचे शुल्क 500 रुपये आहे. जीएसटीच्या नोंदणीतून सूट देणारी वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीची मर्यादा राज्याबाहेर माल विकणाऱ्याला लागू होत नाही, आणि गोव्यासारख्या चिमुकल्या राज्यात गिऱ्हाईक बाहेरचेच असते, तेव्हा नोंदणी पहिल्या विक्रीपासूनच लागते.

नाण्यांच्या वाटेला जाणार असाल तर 1972 चा पुरावशेष कायदा वाचावा. शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे त्या कायद्याने पुरावशेष ठरते, त्याचा व्यापार करण्यासाठी परवाना लागतो, आणि एकदा भारतात आलेले असे नाणे खासगी व्यक्तीला पुन्हा देशाबाहेर पाठवता येत नाही. मेहुण्याकडे त्याच्या आजोबांचा 1912 सालचा एक रुपिया आहे, आणि पुढच्या फेरीत तो दुबईला नेऊन विकण्याचा त्याचा बेत आहे. या कायद्याचे कलम 3 मी त्याला व्हॉट्सॲपवर पाठवले आहे. त्याने ते पाहिल्याच्या निळ्या खुणा दिसतात. उत्तर आलेले नाही.