जुन्या कानशीपासून लेथचं हत्यार करताना

लाकूड कातायच्या लेथसाठी पहिलंच हत्यार करताय ना, मग गाउजच्या, म्हणजे पन्हळीसारख्या खोलगट पात्याच्या हत्याराच्या नादी लागू नका. गोल टोकाचा स्क्रेपर, म्हणजे लाकूड खरवडणारं सपाट हत्यार करा. गाउजची पन्हळ घरी घडवणं हे वेगळंच प्रकरण आहे.

जुनी कानस चालते, पण नुसती घासून लेथवर धरू नका. कानस काचेसारखी ठिसूळ असते; लाकडात अडकली की टूल रेस्टवरच (हत्यार टेकवायच्या पट्टीवरच) कडकन तुटते, आणि तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही. आधी दाते पूर्ण घासून काढा, कारण प्रत्येक दात म्हणजे तडा जायची जागा. मग पोलाद चकचकीत करून ओव्हनमध्ये साधारण २०० अंश सेल्सियसला दोन तास ठेवा. रंग वाळक्या गवतासारखा फिकट पिवळा झाला पाहिजे. शेपटीकडचा, म्हणजे मुठीत जाणाऱ्या टोकाकडचा भाग बर्नरने निळा होईपर्यंत तापवा; तिथे कडकपणा नको, चिवटपणा हवा. धारेकडच्या बाजूला तेवढ्या वेळ ओला फडका गुंडाळा.

धार लावताना घाई नडते. माझा पहिला स्क्रेपर मी ग्राइंडरवर दाबून धरला, टोक निळं पडलं आणि धार पाच मिनिटं टिकली नाही. हलक्या हाताने घासा, पाण्यात बुडवत राहा. बोटांना चटका बसायच्या आत थांबायचं.

मूठ चांगली लांब ठेवा, तिच्या तोंडाशी पितळी शेंबी (कडं) बसवा, नाहीतर लाकूड उकलतं. स्क्रेपर वापरताना टोक किंचित खाली झुकलेलं असू द्या. आणि हो, चष्मा नव्हे, अख्खा चेहरा झाकणारी ढाल.