माळ्यावरचा गठ्ठा

प्रिय काकू,

मी अंबाजोगाईची, वय ३१. ए.टी.डी. (चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा) झालेय. सहा वर्षं विनाअनुदानित शाळेत चित्रकला शिकवली, मानधन वेळेवर मिळेना म्हणून सोडलं. तीन वर्षांपासून घराच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत माझा स्टुडिओ आहे. रोजचं काम इन्स्टाग्रामवर टाकते. रंग कालवणं, ब्रश धुणं, नवीन चित्र. बावीस हजार लोक जोडलेले आहेत, पण आधी पन्नास हजारांवर जाणारं रील आता हजारावर अडतं. मातकट रंग फोनमध्ये उठत नाहीत म्हणून रंगसुद्धा बदलले, तरी फरक नाही. वर्षात चार चित्रं गेली. पुण्याची एक मुलगी अगदी माझ्यासारखंच करते, तिचं मात्र छान चालतं.

मिस्टरांचं कृषी सेवा केंद्र आहे. त्यांना माझ्या कामाची किंमत नाही. भाच्याच्या जावळात सगळ्या पाहुण्यांपुढं म्हणाले, "हिचं सगळं मोबाईलमधीच हाय. घरात एक चित्र दाखवा मला." मी न जेवता उठले. मागच्या पावसाळ्यात दिवाणाखालच्या जुन्या चित्रांना उधई लागली, बारा गेली. मिस्टरांनी भिंतीला औषध मारलं आणि उरलेली नऊ दुकानाच्या माळ्यावर टाकली. पण सगळ्यांचे फोटो आहेत, त्यामुळं तसं काही नुकसान नाही.

काकू, रीच (रील किती लोकांपर्यंत पोचतं ते) वाढवायचा सहा हजारांचा ऑनलाइन कोर्स आहे तो करू, की अकाउंट बंद करून पुन्हा शाळा धरू? आणि नवऱ्याला कसं समजावू?

– पत्र्याखालची

*

पोरी,

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तुझ्या बाजूनं होते. जावळात, ताट वाढलेलं असताना, बायकोचं हसं करणारा नवरा म्हटल्यावर मी पदर खोचूनच बसले होते. मग चहा ठेवला, पत्र दुसऱ्यांदा वाचलं, आणि एका ओळीवर अडकले ते अडकलेच. चहा उतू गेला.

"सगळ्यांचे फोटो आहेत, त्यामुळं तसं काही नुकसान नाही."

बारा चित्रं गेली म्हणतेस. तुझ्या हातची. कुठली होती ती? पत्रात एकाचंही नाव नाही. पुण्याच्या मुलीवर तू आठ ओळी लिहिल्यास (मी सात कापल्या). रीलच्या आकड्यांवर अख्खं पान, तारखांसकट (तेही कापलं). आणि बारा चित्रांना अर्धी ओळ, तीही 'नुकसान नाही' म्हणून मिटवून टाकलेली. शेतकऱ्याच्या घरात बारा पोती तूर किडली असती तर आठवडाभर चूल धड पेटली नसती. कणग्यांचे फोटो आहेत म्हणून कुणी गप बसलं नसतं.

तुझ्या अकाउंटचं नाव तू दिलं होतंस. म्हणून एका संध्याकाळी बसून चाळीसेक रीलं पाहिली. डोळे दुखले, पण पाहिली. हात सुरेख आहे तुझा. ओल्या कागदावर रंग सोडतेस तेव्हा मनगट कुठं थांबवायचं हे तुला कळतं, ते शिकवून येत नाही. पण चाळीस रीलांत मी काय पाहिलं सांगू? बरणीत खळखळणारा ब्रश. निळ्या रंगाची ट्यूब पिळताना अंगठा. चहाचा कप, त्याच्यावर मांजर. केस वर बांधताना तू. आणि शेवटी, पूर्ण झालेलं चित्र, तीन सेकंद. मी मोजले. एखाद्यात चार. मी थांबवून बघायला गेले तर वर तुझा धन्यवाद तरंगत आला.

आणि हे ऐक. जुलैतलं एक रील आहे, त्यात तू हिरव्यात पिवळा घालतेस. तुझ्या कोपराच्या मागं, दिवाणाच्या पायापासून भिंतीवर बोटभर रुंदीची मातीची रेघ वर गेलेली दिसते. वाकडीतिकडी, ओलसर. ती उधईची वाट. उधईला उजेड सोसत नाही, अंग सुकतं तिचं, म्हणून ती मातीचा बोगदा करून त्यातून चालते. तुमच्या खोलीत ती बरेच दिवस ये-जा करत असणार. तू ते रील कापलंस, जोडलंस, गाणं लावलंस, किती वेळा पाहिलं असशील! बावीस हजार लोकांनाही ती रेघ दिसली नाही. त्यांचं सोड, त्यांच्या घरातलं नव्हतं ते. तुझ्या खोलीतलं होतं.

मी तुला रागवतेय असं वाटेल. रागवतेच आहे. पण मला हा अधिकार कुठून आला तेही सांगते. माझ्या आईनं तीन हिवाळे खपून शिवलेली वाकळ होती, माझ्या बाळंतपणातली. घर बदलताना जागा नाही म्हणून मी तिचा चांगला उजेडात फोटो काढला आणि वाकळ भांडेवालीला देऊन स्टीलचा डबा घेतला. फोटो अजून आहे. त्यात टाके मोजता येतात. डिसेंबरात पाय गार पडले की मी तो उघडून बघते, आणि बंद करते.

आता जरा अजिंठ्याला चल. आपल्याच मुलखातलं आहे, पण आपण सहलीत एकदा जातो आणि फर्दापूरच्या बसचीच आठवण जास्त ठेवतो. रॉबर्ट गिल नावाच्या मद्रास फौजेतल्या अधिकाऱ्याला १८४४ साली तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रती करायला नेमलं. त्यानं त्यात वर्षानुवर्षं घातली. मोठमोठे कॅनव्हास लंडनला गेले, क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगले, आणि १८६६ च्या आगीत त्यातले बहुतेक जळाले. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन तिथं बसले, १८८५ पर्यंत हंगामामागून हंगाम प्रती करत. त्याही लंडनला गेल्या. १८८५ मध्येच तिकडच्या संग्रहालयात आग लागली आणि त्यातल्याही कितीतरी गेल्या. दोनदा प्रती जळाल्या. चित्रं मात्र वाघूर नदीच्या कड्यात, वटवाघळांच्या वासात, होती तिथं राहिली.

तुझ्याकडं उलटं झालंय. प्रत शाबूत, चित्र उधईच्या पोटात. आणि तू म्हणतेस नुकसान नाही.

पण मला अजिंठ्यातली आगीपेक्षा वार्निशची गोष्ट जास्त छळते. प्रती करताना भिंतीवरचे रंग नीट दिसेनात, म्हणून त्या मंडळींनी मूळ चित्रांवर वार्निश फिरवलं. क्षणभर रंग उजळले, प्रत छान उतरली. पुढं ते वार्निश पिवळं पडलं, तडकलं, आणि खालचं चित्र झाकोळलं. ते साफ करता करता पुढच्या पिढ्यांचे हात दुखले. प्रत चांगली यावी म्हणून मुळाला हात लावला, त्याचे हे भोग.

"मातकट रंग फोनमध्ये उठत नाहीत म्हणून रंगसुद्धा बदलले." हे तूच लिहिलंस. तेच वार्निश आहे हे.

तीन वर्षांपूर्वीची तुझी रीलं मी खाली खाली जाऊन काढली. काळ्या रानात पडलेली दुपार होती एक. पाऊस न आलेल्या जूनमधली ढेकळं, त्यांच्या भेगांत जांभळट सावली. तुरीच्या वाळक्या तुराट्यांचा पेटता रंग. बघताना माझ्या टाळूला ऊन लागलं. आता काय आहे? मोरपंखी आकाश, गुलाबी डोंगर. आपल्याकडं डोंगर गुलाबी कधी होतात गं? बालाघाटात इतकी वर्षं राहून मला तरी दिसलेले नाहीत. ते फोनमधले डोंगर आहेत. अजिंठ्याच्या भिंतीवर काय लावलंय? गेरू, पिवळी माती, हिरवी माती, दिव्याची काजळी. बाहेरून आणला तो फक्त निळा दगड, तोही बेतानं. त्या मातकट रंगांनी दीड हजार वर्षं काढली आहेत आणि तू त्यांना तीन इंचांच्या काचेत उठत नाहीत म्हणून घराबाहेर काढलंस.

नवऱ्याचं. नवऱ्यांची वकिली करायची मला हौस नाही, हा स्तंभ वाचणाऱ्यांना ते ठाऊक आहे. चारचौघांत तसं बोलणं हलकेपणाचं होतं आणि ते त्यांना तू सुनवायलाच हवं. पण "घरात एक चित्र दाखवा मला" यातलं खोटं काय ते मला सांग. तुमच्या बैठकीच्या खोलीत काय आहे? तुझ्याच एका रीलात मागं दिसली मला ती. खताच्या कंपनीचं कॅलेंडर आहे. लग्नातला फोटो आहे. चित्रकार बाईच्या घरात चित्राचा खिळासुद्धा नाही.

आणि दुसरं. तू लिहिलंस, माळ्यावर "टाकली". मला तर वाटतं ठेवली. कृषी सेवा केंद्राचा माळा ही तुमच्या सगळ्या घरादारातली कोरडी जागा असणार, जमिनीपासून वर, ओलीपासून लांब. बियाण्याची पाकिटं ओल लागू नये म्हणून ज्या शहाणपणानं ठेवतात, त्याच शहाणपणानं त्या माणसानं तुझी नऊ चित्रं वर नेली. उकिरडा घरामागंच होता, तिथं नाही टाकली. त्यांना चित्रातलं काही कळतं असं मी म्हणत नाही. किडीतलं कळतं. त्या दिवशी तेच कामाला आलं. नेताना त्यांनी गठ्ठा सोडून पाहिला का, कुठल्या चित्रावर थांबले का, हे तू विचारलंस? विचारलं असतंस तर पत्रात आलं असतं.

तर तुझ्या प्रश्नांची उत्तरं. कोर्स करायचा नाही. पुण्याच्या मुलीला तिचं तिचं करू दे. अकाउंट बंद करायची गरज नाही, रीच कशानं वाढतो मला कळत नाही आणि शाळेचं पुढच्या जूनला बघता येईल. नवऱ्याला समजावायचं काहीएक नाही.

करायचं ते एकच. तो गठ्ठा खाली आण.

नऊच्या नऊ आण. घरी सतरंजीवर पसर आणि बघ. खालून पोखरलेली, कडा गेलेली, भोकं पडलेली, तीही बघ, तीच आधी बघ. अजिंठ्याचा गिलावा भुसा, गवताचे तंतू घालून केलेला आहे, तोही किड्यांनी खाल्लेला आहे. अर्धा चेहरा गेलेल्या राजकन्येपुढं माणसं मान वाकडी करून उभी राहतातच ना. तुझ्या नवांपैकी दोन तरी अशी असतील की उधईनं खाऊनही उरलीत. ती फ्रेम कर. फ्रेमवाल्याला सांग, माउंट लाव, काच कागदाला टेकू देऊ नकोस, नाहीतर पावसाळ्यात चित्र काचेला चिकटतं आणि सोडवताना रंग काचेबरोबर जातो. लॅमिनेशन करून देतो म्हणेल, सगळे म्हणतात, नाही म्हण. खताचं कॅलेंडर स्वयंपाकघरात हलव आणि त्या खिळ्यावर एक लाव. उरलेल्यांना पत्र्याची पेटी घे, दोन कागदांमध्ये बटर पेपर, पेटीखाली विटा, भिंतीपासून वीतभर लांब. प्रत्येकाच्या मागं पेन्सिलीनं नाव आणि साल लिही. कोर्सच्या सहा हजारांत पेटी आणि दोन फ्रेमा सहज बसतात. भिंतीच्या बुडाला जे औषध मारलंय त्याच्या आसपास मात्र जेवायला बसू नका, तो कप आणि ते मांजरही तिथून उचल.

आणि त्या गेलेल्या बारांची यादी कर. फोटो न उघडता, आठवून. कुठली आठवतात आणि कुठली नाही ते बघ. जी आठवतील त्यातलं एखादं पुन्हा करावंसं वाटलं तर कर, ढेकळांच्या रंगात कर. नाही वाटलं तर राहू दे.

यातल्या कशाचंही रील करायचं नाही. मला माहीत आहे तुझ्या डोक्यात आत्ता काय आलं. 'उधईनं खाल्लेली माझी चित्रं', मागं हळवी सनई, पन्नास हजार सहज जाईल. जाईलही. तरी नाही. पेटी भरेपर्यंत नाही, भिंतीवरचं चित्र महिनाभर जाता-येता बघून होईपर्यंत नाही. नंतर तुला काय टाकायचं ते टाक, मी विचारणार नाही.

दुकान बंद असतं त्या दिवशी सकाळी उन्हाच्या आत जा. शिडी मिस्टरांना धरायला सांग, वर तू चढ. "काय करायलीस?" असं विचारतील, तर सांग, माझी चित्रं न्यायला आलेय. फोन घरी चार्जिंगला लावून जा.

– काकू