हजारो वर्षांपूर्वी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कुठल्या दिशेला होतं, हे गाळावरून कसं कळतं?

तुम्ही विचारलंय, मोजणारं कोणी नव्हतं तर चिखलाला उत्तर दिशा कशी ठाऊक? त्या चिखलातच अगदी बारीक होकायंत्रं असतात: मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे कण. आपल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या कातळात, ते भरपूर असतात. असे कण संथ पाण्यात तळाशी बसताना त्या वेळच्या क्षेत्राकडे कलतात. सगळे नाही, पण एकूण झुकाव तिकडे. वर गाळ चढला, पाणी पिळून निघालं की जागच्या जागी अडकतात.

एमएस्सीला असताना मी असे नमुने केलेत. तळ्यातून काढलेली गाळाची नळी उभी चिरायची, 2 सेंटीमीटरच्या प्लास्टिकच्या डब्या त्यात ओळीने दाबायच्या, प्रत्येकीवर 'वर' दाखवणारा बाण काढायचा. बाण चुकला की नमुना वाया. मग मागाहून चिकटलेलं चुंबकत्व प्रयोगशाळेत पायरीपायरीने पुसायचं आणि उरलेलं मोजायचं. नळी खाली जाताना गोल फिरलेली असते, त्यामुळे खरी उत्तर दिशा सहसा हाती लागत नाही. ती किती सरकत गेली एवढं कळतं. सुई जमिनीकडे किती कलत होती, ते मात्र नळी सरळ उभी गेली असेल तर थेट मिळतं.

पण एका डबीत एक क्षण नसतो, हे नीट लक्षात घ्या. वर्षाला 1 मिलिमीटर गाळ साचणाऱ्या तळ्यात ती डबी म्हणजे 20 वर्षं. हजार वर्षांत 2 सेंटीमीटर साचणाऱ्या खोल समुद्रात तीच डबी म्हणजे हजार वर्षांची सरासरी. त्यात तळाचे किडे वरचा थर ढवळतात ते वेगळंच. म्हणून शतकांचे हेलकावे बघायला तळी बरी. ध्रुवांची अदलाबदल (शेवटची सुमारे पावणेआठ लाख वर्षांपूर्वी झाली) शोधायला समुद्राचा गाळ लागतो.

गाळाचा वरचा भाग माणसांनी मोजलेल्या नोंदींशी ताडून बघता येतो, आणि अशी एक फार मोलाची मालिका आपल्या मुंबईत सुरू झाली. कुलाबा वेधशाळेत 1840च्या दशकात चुंबकीय मोजणी लागली. पुढे विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने उपकरणं बिघडणार, म्हणून 1904 मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारली. दोन्हीकडे काही काळ एकदम मोजून मगच कुलाब्याचं काम थांबवलं. अलिबागची मोजणी अजून चालू आहे. मला या चिकाटीचं फार अप्रूप वाटतं. ही सगळी पावणेदोनशे वर्षं वर सांगितलेल्या तळ्याच्या गाळात एक वीतही भरत नाहीत.